लिबरल आर्ट्समधील असोसिएट पदवी : कर्ज व उत्पन्न यांचा ताळेबंद

प्रस्तावना

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर 'असोसिएट' ही पदवी दिली जाते. १९०१ साली इलिनॉय राज्यात स्थापन झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज या परंपरेतील सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. दरवर्षी प्रदान होणाऱ्या असोसिएट पदव्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पदव्या लिबरल आर्ट्स व सामान्य अध्ययन या एकाच विद्याशाखेच्या असतात. या पदवीत भाषा, इतिहास, गणित, समाजशास्त्रे व विज्ञान यांचा पायाभूत अभ्यास असतो. विशिष्ट व्यवसायाचे प्रशिक्षण नसते. म्हणूनच या पदवीसाठी कर्ज काढणे कितपत हिताचे, असा प्रश्न उपस्थित होतो. ही तुलना कशी केली जाते व तीतून काय निसटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कर्जाची बाजू

सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांचे सरासरी वार्षिक शिक्षणशुल्क २०२३-२४ मध्ये सुमारे ३,९९० डॉलर होते. त्याच वर्षी अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पेल अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. म्हणजेच पूर्ण अनुदान मिळणाऱ्या विद्यार्थ्यास शुल्कासाठी कर्ज काढावे लागत नाही. कर्ज काढले जाते ते मुख्यतः घरभाडे, प्रवास, पुस्तके व दैनंदिन निर्वाह यांसाठी.

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यास संघीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० व दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलरपर्यंत मिळू शकते. दोन वर्षांची ही कमाल १२,००० डॉलरची रक्कम ५.५ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाची झाल्यास मासिक हप्ता सुमारे १३० डॉलर येतो. एकूण परतफेड सुमारे १५,६०० डॉलर होते. कर वजा जाता आठवड्याला ३० डॉलर अधिक मिळाले, तरी हा हप्ता भागतो.

उत्पन्नाची बाजू

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार पूर्णवेळ काम करणाऱ्या, २५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे साप्ताहिक मध्यक उत्पन्न पुढीलप्रमाणे होते :

१) केवळ शालान्त शिक्षण – ८९९ डॉलर
२) महाविद्यालयीन शिक्षण, परंतु पदवी नाही – ९९२ डॉलर
३) असोसिएट पदवी – १,०५८ डॉलर
४) बॅचलर पदवी – १,४९३ डॉलर

शालान्त शिक्षण व असोसिएट पदवी यांतील १५९ डॉलरचे अंतर हप्त्याच्या मानाने पुरेसे वाटते. तथापि ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पहिले कारण असे की, त्यात सर्व विद्याशाखा एकत्र आहेत. परिचर्येसारख्या व्यावसायिक शाखांतील पदवीधर लिबरल आर्ट्सच्या पदवीधरांपेक्षा सामान्यतः बरेच अधिक कमावतात. दुसरे असे की, पदवी मिळविणारे व न मिळविणारे यांच्यात कौटुंबिक स्थिती व पूर्वतयारी यांचाही फरक असतो. तिसरे, शिक्षणासाठी काम सोडणाऱ्याची बुडालेली मजुरी हा खर्च कर्जाच्या खात्यात दिसत नाही.

मोजमापातून निसटणारा विद्यार्थी

२०१५ मध्ये सुरू झालेल्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या शासकीय माहितीसंग्रहातून आता अभ्यासक्रमनिहाय कर्ज व उत्पन्न पाहता येते. मात्र उत्पन्न मोजताना त्या वर्षी शिक्षण घेत असलेले विद्यार्थी वगळले जातात. लिबरल आर्ट्सची असोसिएट पदवी तर पुढे चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्यासाठीच प्रामुख्याने आखलेली आहे. जो विद्यार्थी पदवी न घेताच तेथे स्थलांतरित होतो, तो पदवीधरांच्या गणनेत येतच नाही. अर्ध्यावर शिक्षण सोडणाराही येत नाही. परिणामी सर्वाधिक यशस्वी व सर्वाधिक अपयशी असे दोन्ही गट मोठ्या प्रमाणात ताळेबंदाबाहेर राहतात.

हे गट लहान नाहीत. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी स्थलांतरित होतात. सहा वर्षांत बॅचलर पदवी मात्र सुमारे १६ टक्केच मिळवितात. पूल बांधलेला आहे. परंतु तो ओलांडणारे थोडे आहेत.

कर्ज थकविणाऱ्यांत मोठ्या रकमेचे कर्जदार अधिक असतील, असा सर्वसाधारण समज आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २००९ च्या गटाविषयी केलेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले. ५,००० डॉलरहून कमी कर्ज असलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के कर्जदारांनी पाच वर्षांत कर्ज थकविले, तर १,००,००० डॉलरहून अधिक कर्ज असलेल्यांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अल्प कर्ज हे बहुधा अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचे चिन्ह असते. हप्ता लहान असला तरी तो फेडण्यास बळ देणारी पदवी हाती नसते.

नवा निकष व त्याचे परिणाम

जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने या प्रश्नास वेगळे गांभीर्य आणले आहे. या कायद्यानुसार पदवीपूर्व अभ्यासक्रमाच्या पदवीधरांचे मध्यक उत्पन्न त्या राज्यातील केवळ शालान्त शिक्षण झालेल्या २५ ते ३४ वयोगटातील कामकऱ्यांच्या मध्यक उत्पन्नाहून कमी असता कामा नये. तीनपैकी दोन वर्षे ते कमी आढळल्यास त्या अभ्यासक्रमाची संघीय कर्जाची पात्रता जाते. १ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख आहे. विद्यार्थ्यास निष्फळ कर्जापासून वाचविण्याचा हा हेतू योग्यच आहे. परंतु यातही शिकत असलेले वगळले जात असल्याने, जो अभ्यासक्रम पुढील शिक्षणाचा पाया घालतो, त्याची परीक्षा तेथेच थांबलेल्यांच्या वेतनावरून होण्याचा संभव आहे.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमातून दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. अशा पदविकेचे मूल्यमापन करतानाही हाच प्रश्न उद्भवणार आहे.

निष्कर्ष

लिबरल आर्ट्सच्या असोसिएट पदवीचे कर्ज सहसा असह्य नसते. धोका अपूर्णतेत आहे. म्हणून एकाच गुणोत्तराऐवजी मध्येच सोडणारे, पदवीवर थांबणारे आणि पुढे जाणारे अशा तीन गटांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्यास सल्ला देणाऱ्या प्राध्यापकानेही कर्जाच्या रकमेबरोबरच दोन गोष्टी तपासाव्यात : महाविद्यालयातील किती विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात, आणि त्यांचे श्रेयांक पुढील महाविद्यालयात ग्राह्य धरले जातात काय. त्यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर अल्प कर्जही महाग पडते.