रोहनचे सैन्य
रोहनचे सैन्य : इंग्लिश साहित्यिक जे. आर्. आर्. टॉल्किन (१८९२–१९७३) याच्या द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४–५५) या कादंबरीतील रोहन नामक काल्पनिक राज्याचे भूसैन्य. ते मुख्यतः घोडदळ असून त्याच्या विधींना व संकेतांना कथानकात महत्त्वाचे स्थान आहे. टॉल्किनने रचलेल्या भाषेत ‘रोहन’ म्हणजे घोड्यांचा देश. त्याच उच्चाराच्या भारतीय विशेषनामाशी त्याचा संबंध नाही. हिरव्या भूमीवर पांढरा घोडा हे या सैन्याचे निशाण होय.

रचना : सैन्याचा मूळ घटक ‘इओरेड’ हा होता. अश्वपथक या अर्थाचा हा प्राचीन इंग्लिश शब्द आहे. टॉल्किनच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या अन्‌फिनिश्ड टेल्स (१९८०) या ग्रंथातील टिपणांनुसार थेओडेन राजाच्या काळी पूर्ण पथकात नायकासह किमान १२० स्वार असत आणि राजाचे खास पथक वगळता संपूर्ण सैन्यात अशी शंभर पथके धरली जात. राजाच्या हाताखाली ‘मार्शल’ हे सर्वोच्च सेनाधिकारी असून त्यांची संख्या मुळात तीन होती.

शपथ व पाचारण : शेजारच्या गोंडोर राज्याला इओर्ल या अश्वारोही सरदाराने युद्धात मदत केली. त्याबद्दल गोंडोरच्या कारभाऱ्याने त्याला ही भूमी दिली व उभयतांनी परस्परसाहाय्याची शपथ घेतली. लाल बाण हे तातडीच्या पाचारणाचे चिन्ह मानले जाई. तो थेओडेनकडे आला, तेव्हा त्याचा पुत्र नुकताच लढाईत पडला होता व राज्य युद्धाने थकले होते. अवधी मिळाल्यास दहा हजार स्वार पाठविता आले असते. तथापि स्वदेशाच्या रक्षणासाठी काही सैन्य मागे ठेवून राजा सुमारे सहा हजार स्वारांनिशी स्वतः निघाला आणि रणांगणावर मारला गेला. दिलेला शब्द व स्वतःच्या घरादाराची सुरक्षितता यांतील हा पेच या सैन्याच्या चित्रणाचा गाभा आहे.

दरबारी व अंत्यविधी : राजगृहात प्रवेश करण्यापूर्वी परक्यांनी शस्त्रे दाराशी ठेवावीत, असा नियम होता. सेवेत येणारा आपली तलवार राजाला अर्पण करी. मोहिमेपूर्वी राजघराण्यातील स्त्री मद्याचा प्याला प्रथम राजाला व नंतर पाहुण्यांना देई. मृत राजाला शस्त्रांसह पुरून त्यावर मातीचा उंचवटा रचीत. थेओडेनच्या दफनानंतर पांढऱ्या घोड्यांवरील स्वारांनी गीत गात त्या उंचवट्याला फेऱ्या घातल्या. नंतरच्या मेजवानीत पूर्वीच्या राजांची नावे क्रमाने उच्चारण्यात आली आणि थेओडेनचे नाव येताच त्याचा वारस इओमर याने प्याला रिता केला. शोक आणि राज्यारोहण हे दोन्ही अशा रीतीने एकाच विधीत साधले गेले.

या संकेतांच्या मर्यादाही टॉल्किनने दाखविल्या आहेत. राजाची भाची इओविन हिला प्याला देण्याचा मान होता. परंतु मोहिमेच्या वेळी प्रजेचा सांभाळ करण्यासाठी तिला मागे ठेवण्यात आले. पुरुषवेष धारण करून ती सैन्यात सामील झाली. राजाच्या सेवेची शपथ घेतलेला, तरीही मागे राहण्याचा हुकूम झालेला मेरी हा हॉबिटही तिच्यासोबत गेला. शत्रूच्या प्रमुख सेनानीचा वध या दोघांच्या हातून झाला. आज्ञाभंग करणाऱ्यांनीच राजनिष्ठेचा उत्कर्ष गाठावा, हा या प्रसंगाचा मर्मभाग होय.

मूलस्रोत : टॉल्किन हा ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सन भाषेचा प्राध्यापक होता (१९२५–४५). बेवुल्फ या प्राचीन इंग्लिश महाकाव्यात राणीने प्याला देणे, शस्त्रे बाहेर ठेवणे व स्वारांनी समाधीभोवती फिरणे हे तिन्ही प्रसंग आढळतात. तथापि अँग्लो-सॅक्सन योद्धे बहुधा पायी लढत. रोहनचे लोक व प्राचीन इंग्लिश लोक यांचे साम्य शस्त्रे वा युद्धपद्धती यांपर्यंत ताणू नये, असे खुद्द टॉल्किननेही परिशिष्टात सूचित केले आहे. पहिल्या महायुद्धात तो सॉमच्या लढाईत (१९१६) संदेशवहन अधिकारी होता. रोहनच्या चित्रणात युद्धाचा गौरव आढळतो, तसाच त्यातील हानीचा शोकही आढळतो.