उंदराचें भय आणि समागम

उंदराला भीति वाटते कीं नाहीं, हें त्याला विचारून कळत नाहीं. त्यासाठीं त्याच्या भुकेचाच आधार घ्यावा लागतो. उपाशी उंदीर अनोळखी जागीं सोडावा, मध्यें खाद्य ठेवावें, आणि पहिला घास घेण्यास त्याला किती वेळ लागतो तें पाहावें. भित्रा उंदीर कडेलाच घुटमळतो. आपल्या स्वयंपाकघरांतील उंदीर असा संकोच करीत नाहींत. पण त्यांना घर पाठ झालेलें असतें!

२०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रयोगांत कांहीं नर उंदरांना समागमोत्सुक मादीचा सहवास एकदांच घडविला, कांहींना १४ दिवस रोज. पहिल्या समागमानंतर नरांच्या रक्तांत कॉर्टिकोस्टेरोन, म्हणजे संकटसमयीं वाढणारा अंतःस्राव, वाढलेला आढळला. असा स्राव वाढला कीं मेंदूंत नव्या पेशी उपजणें मंदावतें, असा अनुभव होता. येथें मात्र स्मृतीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस भागांत त्या अधिकच उपजल्या. केवळ रक्त तपासून प्राण्याला क्लेश झाले असें म्हणणारा येथें फसला असता. १४ दिवसांनंतर स्राव वाढेनासा झाला, पेशींची वाढ मात्र टिकली. आणि समागम न घडलेल्या नरांपेक्षां हे नर परक्या जागीं लवकर खाऊं लागले.

कारणाचा एक धागा २००७ सालच्या जर्मन प्रयोगांत सांपडतो. समागमाच्या वेळीं नराच्या मेंदूंत ऑक्सिटोसिन स्रवतें व पुढें कांहीं तास त्याची भीति कमी राहते. समागम होतांच ऑक्सिटोसिनला अडविणारें द्रव्य मेंदूंत सोडलें, तर ही निर्भयता येत नाहीं.