पैनगंगेपलीकडचा रुपया

‘वन पीस’ या जपानी मांगा चित्रकथेत लुफी आणि त्याचे साथीदार ढगांवरच्या एका बेटावर पोचतात. खाली समुद्रावर सगळा व्यवहार ‘बेरी’त चालतो. वर मात्र ‘एक्स्टॉल’ हे वेगळंच चलन आहे, आणि एका बेरीला दहा हजार एक्स्टॉल असा भाव. माणशी शंभर कोटी एक्स्टॉल प्रवेशकर मागितला की वाचकाची छाती दडपते; हिशेब केला की ते एक लाख बेरी भरतात. एइचिरो ओदा १९९७पासून रचत असलेल्या या अफाट जगात मला सर्वांत खरी वाटलेली जागा हीच. राक्षस आणि जादूची फळं कुणीही कल्पू शकेल. पण वेस ओलांडली की खिशातल्या पैशाची किंमत बदलते, हे ज्याला सुचलं त्याला जग कळलं आहे.

कारण असं जग हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याच्या लोकांनी प्रत्यक्ष जगलेलं आहे.

वसमत तालुक्यातलं हे गाव १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, ‘हाली शिक्का’. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलं की इंग्रजांचा रुपया, म्हणजे ‘कलदार’. वऱ्हाडचा कारभार १८५३पासून इंग्रजांकडे होता. दोन्ही तीरांवर मराठीच बोलत, दोन्हीकडे रुपयाचे आणे सोळाच, पण शंभर कलदार हवे असतील तर हाली मोजावे लागत ११६ रुपये १० आणे ८ पै.

हा आकडा पहिल्यांदा वाचला की विचित्र वाटतो. मग कागद-पेन्सिल घ्यावी. सहा कलदारांना सात हाली, एवढंच त्याचं सूत्र आहे. आता नाणी तराजूत टाकू. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात हजारी ९१७ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी हजारी ८१८ भाग. म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. एकाला दुसऱ्याने भागा: शंभराला जवळजवळ ११७! बाजारातला तो अवघड आकडा नाण्याच्या पोटातल्या चांदीने जवळपास तंतोतंत सांगून ठेवला होता. मला हे गणित कुठल्याही कथेइतकं थरारक वाटतं.

हालीचं रूपही चित्रकथेत शोभावं असं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर चारमिनार आला. त्याच्या कमानीत, दाराच्या मधोमध, एकच अक्षर असे. मीर महबूब अली खानांच्या काळात ‘मीम’, १९११नंतर मीर उस्मान अली खानांच्या काळात ‘ऐन’. राजा बदलला की दारातलं अक्षर बदलायचं.

मांगाकारांना मात्र नाणी शोधायला लांब जावं लागलं नाही. ‘नारुतो’तले निन्जा ज्या ‘र्यो’साठी कामगिरीवर निघतात, ते एदो काळातल्या जपानचं खरं सुवर्णचलन. ‘ड्रॅगन बॉल’मधली ‘झेनी’ म्हणजे तिथली रोजच्या वापरातली तांब्याची नाणी. मधे चौकोनी भोक, त्यातून दोरी ओवून माळ करायची. (आपल्याकडेही १९४३मध्ये भोकाचा पैसा निघाला, पण त्याचं भोक गोल.) एका र्योचे चार बू, एका बूचे चार शू. म्हणजे एका र्योत शू किती? सोळा. आपल्या आण्यांशी त्याचा काही संबंध नाही. अर्ध्याचं अर्धं करत जाण्याची हाताची सवय दोन्हीकडे सारखी, असं मला वाटतं. १८७१मध्ये येन आला आणि र्यो व्यवहारातून उठला. चित्रकथेत तो अजून चालतो.

हालीच्या वाट्याला तर थेट बुडालेल्या जहाजाची गोष्ट आली. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१८मध्ये इंग्रजांनी निजामाला कागदी नोटा काढण्याची मुभा दिली. नोटा लंडनला छापल्या जात. त्यांवर उर्दू मुख्य, आणि रक्कम मराठी, तेलुगू, कानडीतही. मे १९२२मध्ये ‘इजिप्त’ नावाचं जहाज लंडनहून मुंबईला निघालं होतं. त्यात टनांनी सोनं-चांदी होती आणि हैदराबादच्या कोऱ्या नोटाही. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसली आणि ‘इजिप्त’ तळाशी गेलं.

दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सव्वाशे मीटरहून खोल जाऊन ते उघडलं. पोलादी कवचात बसलेला माणूस खालून टेलिफोनवर सूचना देई आणि वरचे लोक त्याप्रमाणे यारीचा पंजा चालवत. सोनं हाती लागण्याआधी तो पंजा काय घेऊन वर आला? निजामाच्या नोटांचे भिजलेले गठ्ठे! मराठीत रक्कम लिहिलेला कागद अटलांटिकच्या तळातून निघाला होता. त्यातल्या काही नोटा संग्राहकांकडे आजही आहेत.

संस्थान गेल्यावरही हाली काही वर्षं चालला आणि १९५०च्या दशकात व्यवहारातून बाद झाला. जुन्या खरेदीखतांत नुसतं ‘रुपये शंभर’ लिहून भागत नसे, ते हाली की कलदार हेही नोंदवावं लागे. हट्ट्यात कुणाच्या घरी तसा कागद असेल तर त्यावरचं साल बहुधा फसली असेल. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. आणि रक्कम हालीत असेल तर सातने भागून सहाने गुणावं, म्हणजे शेत किती कलदारांना गेलं ते कळेल.