टी मॉडेलची तीन पॅडल

फोर्डची टी मॉडेल 'साधी गाडी' म्हणून ओळखली जाते. दुरुस्तीपुरतं ते खरं आहे. चालवायला मात्र आजच्या सराईत ड्रायव्हरला बसवलं तर तो फाटकापर्यंतही धड पोचायचा नाही. पायाशी पॅडल तीनच, पण उजवं ब्रेकचं, मधलं रिव्हर्सचं. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, सोडलं की दुसरा. तिसरा गिअर नाहीच. रेस द्यायची ती स्टिअरिंगखालच्या दांडीनं, आणि दुसऱ्या बाजूच्या दांडीनं ठिणगीची वेळ पुढेमागे करायची. ती मागे घ्यायला विसरून हँडल मारलं, तर हँडल उलटं उसळून हात मोडायचा. पेट्रोलला पंप नव्हता. सीटखालच्या टाकीतून ते उतारानं खाली यायचं, त्यामुळे टाकी रिकामी होत आली की उभ्या चढावर इंजिन बंद पडे. लोकांनी यावरही तोड काढली: चढ रिव्हर्समध्ये चढायचा!

अशी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी खपली. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली आणि साडेबारा तासांचं चासीचं काम दीड तासावर आलं. सुरुवातीला ८५० डॉलरची असलेली गाडी पुढे २६० डॉलरपर्यंत उतरली. १९२५ मध्ये कंपनीनं तिला मागे हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढलं. आजच्या एफ-१५० पिकअपची ही थेट पूर्वज.

टी मॉडेलचं २.९ लिटरचं इंजिन २० अश्वशक्ती देई. एफ-१५०चं दोन टर्बोंचं ३.५ लिटरचं इंजिन ४०० देतं. गिअर दहा, तेही आपोआप पडणारे. ड्रायव्हरनं बटण दाबावं आणि निघावं. बिघाड झाला तर मात्र पान्याआधी स्कॅनर लागतो. टी मॉडेलचा मालक स्वतःच अर्धा मेकॅनिक असे. नसता तर करणार काय? जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेले लोक हा नाइलाज गुण म्हणून सांगतात. मला ते पटत नाही.

दोघींचं खरं नातं शेतावर दिसतं. अमेरिकन शेतकरी टी मॉडेलचं मागचं चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा जोडत आणि करवत किंवा पाण्याचा पंप चालवत. २०२१च्या हायब्रिड एफ-१५०च्या हौद्यातच विजेचे प्लग आले, ७.२ किलोवॉटपर्यंतचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा काहींनी घरचे हीटर या गाडीवर चालवले. टी मॉडेलवर असलं काम घेताना चाक हवेत, पट्टा ताणलेला आणि रेसच्या दांडीवर कुणाची तरी नजर ठेवावी लागे. टेक्सासमध्ये गाडी अंगणात चालू होती आणि मालक घरात.