नक्षल केस, म्हणून औषधपाणी बंद?

“गडचिरोलीत लष्कर आहे, तिथे साधा कायदा चालत नाही.” नागपूर-पुण्याच्या गप्पांत हे वाक्य इतक्या सहज येतं की कोणी अडवत नाही. पाठोपाठ दुसरं येतं: नक्षल केसमध्ये धरलेल्याच्या तब्येतीची चौकशी करणार कोण, आणि करायची तरी कशाला?

आधी लष्कराचं. एटापल्ली-भामरागडच्या जंगलात दिसणारा बंदूकधारी जवान बहुधा सी-60 चा असतो. 1990 मध्ये उभं राहिलेलं हे पथक गडचिरोली जिल्हा पोलिसांचं आहे. जोडीला राज्य राखीव आणि केंद्रीय राखीव पोलीस दल. यांतलं एकही लष्कर नाही. सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा महाराष्ट्रात लागूच नाही. जिथे आहे तिथेही त्याच्या कलम 5 नुसार पकडलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करावं लागतं.

मग प्रश्न येतो, केंद्रीय दलांना पोलिसांचे नियम कुठे लागतात? लागतात! डी. के. बसू खटल्यात 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले, ते फक्त ठाणेदारासाठी नव्हते. निकालात केंद्रीय राखीव पोलीस दल आणि सीमा सुरक्षा दलाची नावं घेऊन तेच नियम त्यांनाही लावले आहेत. अटकेच्या वेळी अंगावरच्या जखमांची नोंद करायची आणि कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची, हे त्यांतलेच दोन. नक्षल खटल्यांत लागणाऱ्या यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस कोठडी 30 दिवसांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे हिशेबाने 15 तपासण्या. जितकी कोठडी लांब, तितके डॉक्टरचे कागद जास्त.

यूएपीएमुळे हे सगळं गळून पडतं, ही समजूत तर फारच चिवट. त्या कायद्याचं कलम 43-सी वाचायला दोन मिनिटं पुरतात: विसंगती नसेल तिथे अटकेला फौजदारी प्रक्रिया संहिताच (आता तिच्या जागी आलेली नवी संहिता) लागू. जामीन अवघड होतो, उपचार नव्हे. आजारपणाच्या कारणावरून जामीनही अशक्य नाही. कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2021 रोजी याच कायद्याच्या खटल्यात सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला.

कायदा आहे म्हणजे सारं आलबेल आहे, असं मात्र कोणी समजू नये. यूएपीएच्याच खटल्यातले दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा 90 टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवर. गडचिरोली सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी जन्मठेप दिल्यावर त्यांना नागपूर मध्यवर्ती कारागृहातल्या अंडा सेलमध्ये ठेवलं गेलं. त्यांच्या प्रकृतीकडे लक्ष वेधून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी 2018 मध्ये सुटकेची मागणी केली होती. त्याच खटल्यातला गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे तुरुंगात तापाने आजारी पडला आणि 25 ऑगस्ट 2022 रोजी नागपुरात वारला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने साईबाबांना 5 मार्च 2024 रोजी निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. इथे नियमांची वाण नव्हती. नियम पाळले जातात की नाही हे तुरुंगाबाहेरच्या कोणीतरी वेळेवर पाहण्याची होती.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कोठडीतला मृत्यू आजाराने झाला तर कळवावं लागत नाही? चूक, कारण काहीही असो, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं. नवी संहिता आली, जुने हक्क गेले? 1 जुलै 2024 पासून कलमांचे क्रमांक बदलले: अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी 54 वरून 53 वर आली, आरोग्याची काळजी घेण्याची जबाबदारी 55-ए वरून 56 वर. तुरुंगात गेल्यावर तपासणी नाही? 1894 च्या तुरुंग कायद्यातसुद्धा आत घेताना तब्येत आणि जखमा नोंदवायला सांगितलं आहे, आणि तो तर इंग्रजांचा कायदा.

‘जखम नाही म्हणजे काही घडलं नाही’ हा समज मात्र एका ओळीत उडवण्यासारखा नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण घडलं. आज गडचिरोलीत असलेला तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. डॉक्टरी तपासणीत अंगावर जखमा नव्हत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर भर देत दोन्ही पोलिसांना सोडलं. देशभर आंदोलन झालं. 1983 मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम मिळालं.

राहता राहिली ती रोजच्या उपयोगाची गोष्ट. ‘मेडिकल झालं’ एवढ्या तोंडी उत्तरावर नातेवाइकांनी परत फिरू नये. नव्या संहितेच्या कलम 53 नुसार तपासणी अहवालाची प्रत अटकेतल्या माणसाला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती मागा. नाही मिळाली, तर पुढच्या तारखेला न्यायाधीश “पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?” असं विचारतात, तेव्हा हीच तक्रार सांगायची.