उन्हाळी शिबिराला मूल पाठवताय? नियमांचा कागद आधी वाचा

मे महिना लागला की आपल्या मोहल्ल्यांत उन्हाळी शिबिरांचे बॅनर लागतात. मशिदीच्या हॉलमध्ये दीनी शिबिर, उर्दू शाळेत चित्रकला आणि विज्ञानाचे प्रयोग, कुठे कराटे, कुठे कॅलिग्राफी, कुठे कुरआनच्या तजवीदसोबत क्रिकेट. सकाळी नऊला मूल सोडायचे, दुपारी एक किंवा चार वाजता घ्यायचे. दोन-तीन आठवडे मूल मोबाईलपासून दूर राहते, चार चांगल्या गोष्टी शिकते, घरातल्या बायांनाही थोडा श्वास मिळतो. ही शिबिरे वाढत आहेत ही चांगलीच गोष्ट आहे.

पण आमच्या एक लक्षात येते. पालक फी विचारतात, वेळ विचारतात, काय शिकवणार ते विचारतात. फॉर्मसोबत मिळालेला नियमांचा कागद मात्र न वाचताच सही होऊन परत जातो. मग पहिल्याच आठवड्यात "माझ्या भावाला मूल का दिले नाही?", "पाच मिनिटे उशीर झाला तर एवढे काय?" अशा तक्रारी सुरू होतात. म्हणून यंदा आम्ही ठरवले की हे नियम कशासाठी असतात, घरच्यांकडून काय अपेक्षा असते आणि आपण आयोजकांकडून काय मागायचे, हे एकदा नीट मांडू.

फॉर्ममध्ये लपवू नका

नाव, वय, पत्ता सगळेच लिहितात. खरी महत्त्वाची रकाने पुढे असतात: आजार, औषधे, ॲलर्जी. शेंगदाणे, अंडे किंवा दूध चालत नसेल तर स्पष्ट लिहा. दमा असेल तर पंप कुठे ठेवला आहे आणि तो कसा द्यायचा, हे जबाबदार स्वयंसेवकाला तोंडी सांगा. औषधाच्या बाटलीवर मुलाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहून ती त्यांच्या हातात द्या. मुलाच्या दप्तरात औषध ठेवून देणे धोक्याचे, कारण दुसरे मूलही ते तोंडात घालू शकते.

सगळ्यात जास्त लपवाछपवी फिट येण्याच्या बाबतीत होते. "लोकांना कळले तर काय म्हणतील", "मुलगी आहे, उद्या रिश्ता बघायचा आहे", अशा विचाराने आई-वडील गप्प बसतात. पण शिबिरात मुलीला फिट आली आणि कुणालाच माहीत नसेल, तर घाबरलेली माणसे तोंडात चमचा घालतात, चप्पल हुंगवतात, हातपाय दाबून धरतात. या सगळ्याने इजाच होते. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवायच्या आणि तोंडात काहीही घालायचे नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करायचा. ही माहिती एका-दोन जबाबदार माणसांपुरती ठेवा, असे तुम्ही आयोजकांना सांगू शकता. पण त्यांना ती असलीच पाहिजे.

आई-वडील वेगळे राहत असतील, ताब्याबद्दल कोर्टात केस चालू असेल, तर तेही आयोजकांना खासगीत सांगा. मूल कुणाच्या हाती द्यायचे, हा पेच दारात उभे राहून सुटत नाही.

मूल घ्यायला कोण येणार?

बहुतेक शिबिरे फॉर्मवर दोन किंवा तीन माणसांची नावे आणि नंबर मागतात. मूल त्यांच्याच हाती दिले जाते. आपल्याकडे एकत्र कुटुंबे, शेजारपाजारी सगळे चाचा-मामूच. त्यामुळे सख्ख्या मामूला गेटवर थांबवले की राग येतो. पण स्वयंसेवकाला तुमचा मामू माहीत नाही. मूल "हो, हे मामूच" म्हणाले तरी तेवढ्यावर भागत नाही, कारण मूल ओळखीच्या कुठल्याही चेहऱ्याला हो म्हणते. त्या दिवशी माणूस बदलणार असेल तर तुम्ही स्वतः, फॉर्मवर दिलेल्या नंबरवरूनच फोन करा.

काही घरांत एक सांकेतिक शब्द ठरवतात. "अम्मीने पाठवले आहे" म्हणून कुणी आले तर मुलाने तो शब्द विचारायचा. सहा-सात वर्षांचे मूलही हे सहज शिकते. बारा वर्षांच्या मोठ्या भावाने धाकट्याला न्यायचे का, रिक्षावाल्या काकांसोबत सोडायचे का, हेही आधी लेखी कळवा.

उशिराचे म्हणाल, तर शेवटचे मूल जाईपर्यंत किमान दोन मोठ्या माणसांना थांबावे लागते. ती माणसे बहुधा पगार न घेता काम करतात, त्यांनाही घर असते. शुक्रवारी तर जुमाच्या आधी शिबिर सुटते आणि हॉल नमाजींसाठी रिकामा करायचा असतो. त्या दिवसाची वेळ वेगळी लिहून ठेवा.

ऊन, पाणी आणि डबा

हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर आणि किनारपट्टीला ३७ अंशांवर गेले की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करते. मालेगाव, औरंगाबाद, नांदेड, अकोला इथे मे महिन्यात चाळिशी नेहमीचीच. मुंब्रा, भिवंडी किंवा रत्नागिरीत आकडा कमी दिसतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यात आलेली माणसे उष्माघाताने दगावली, ते आपण विसरलेलो नाही. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते.

म्हणून दुपारी मैदानी खेळ बंद, टोपी सक्तीची, पाण्याची बाटली स्वतःची, हे नियम कडक वाटले तरी पाळा. सुती, सैल कपडे घाला. फॅशनचा जाड जुब्बा किंवा सिंथेटिक अबाया शिबिराला नको. सकाळी उपाशी पोटी पाठवू नका.

ओआरएसचे पाकीट सोबत देत असाल तर त्यावर लिहिलेल्या मापाचे पाणी घ्यायचे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात जाते, अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात ढवळायचे नाही. मूल चक्कर आली म्हणाले, उलटी झाली, तर सावलीत बसवून घोट घोट पाणी द्यायचे. अंग तापलेले आहे आणि मूल असंबद्ध बोलते आहे किंवा शुद्ध हरपते आहे, तर तो उष्माघात समजायचा. १०८ ला फोन, अंगावर थंड पाणी, वारा, आणि बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

डब्यात रात्रीची बिर्याणी नको. चार तास उन्हात राहिलेला भात आणि मटण पोट बिघडवते. चपाती-भाजी, खिचडा नको पण साधी खिचडी, फळे, खजूर, भाजलेले चणे हे टिकते. एकमेकांच्या डब्यातले खाऊ नका हा नियम मुलांना खटकतो, कारण आपण त्यांना वाटून खायला शिकवतो. इथे कारण ॲलर्जीचे आहे, हे घरी समजावून सांगा. वाटून खायची इच्छा असेल तर आयोजकांना विचारून एक दिवस सगळ्यांसाठी कलिंगड पाठवा.

सहल आणि पाणी

शिबिराच्या शेवटी सहल असते. रिसॉर्ट, धरण, समुद्रकिनारा. इथे आम्ही पालकांना हात जोडून सांगतो, जरा थांबा आणि प्रश्न विचारा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ती तरुण मुले होती. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

सहलीसाठी वेगळे संमतीपत्र मागा. कुठे जाणार, गाडी कोणती, किती मुलांमागे किती मोठी माणसे, मुलींसोबत महिला किती, पाण्यात उतरणार का, उतरणार असतील तर जीवरक्षक आहे का, हे त्यात हवे. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या दिवशी मूल घरी ठेवा. "सगळे जात आहेत" हे कारण पुरेसे नाही. आणि "अपघात झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत" अशी ओळ छापली म्हणून निष्काळजीपणाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, हे आयोजकांनीही लक्षात ठेवावे.

शिस्त म्हणजे मार नव्हे

"हड्डी हमारी, गोश्त आपका." उस्तादाच्या हाती मूल सोपवताना हे वाक्य आपल्या बुजुर्गांनी किती वेळा म्हटले असेल. त्यामागे उस्तादाबद्दलचा आदर होता. पण आज कुठल्याही चांगल्या शिबिराच्या कागदावर मारणार नाही असे लिहिलेले असते आणि ते योग्यच आहे. शाळांमध्ये तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. शिबिराला त्यापेक्षा खालचे माप का लावायचे? हजरत अनस (रजि.) यांनी लहान वयापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) खिदमत केली आणि त्या काळात त्यांना कधी झिडकारले गेले नाही, हे आपण मुलांना सांगतो. ते मोठ्यांनीही ऐकायचे आहे.

सर्वसाधारण रीत अशी असते: आधी समजावणे, मग थोडा वेळ खेळातून बाजूला बसवणे, मग पालकांना फोन, आणि दुसऱ्या मुलाला इजा होत असेल तर घरी पाठवणे. फोन आला की "आमचा मुलगा असा नाहीच" म्हणून भांडू नका. आधी ऐकून घ्या. रंगावरून, तोतरेपणावरून, उर्दू नीट येत नाही किंवा मराठी नीट येत नाही म्हणून चिडवणे, हेही गंभीर धरले जाते. धरलेच पाहिजे.

ज्या विषयावर गप्प बसायचे नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे समोर आले, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला. गुन्हा नोंदवायला झालेल्या उशिरावरून लोक रेल्वे रुळांवर उतरले. आपल्या शिबिरात सगळे ओळखीचे, दीनदार लोक आहेत, त्यामुळे भीती नाही, असे समजू नका. मुलांवर हात टाकणारा माणूस बऱ्याचदा ओळखीचाच असतो.

म्हणून नियम असतात. कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. लहान मुलींना स्वच्छतागृहात महिला स्वयंसेविकाच नेईल. स्वयंसेवक मुलांना खासगी मेसेज करणार नाही, एकट्याने गाडीवर सोडणार नाही. हे नियम चांगल्या उस्तादाचेही रक्षण करतात.

मुलाला घरी साध्या शब्दांत सांगा: कपड्यांखालच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, आणि "अम्मीला सांगू नको" असे कुणी म्हणाले तर आधी अम्मीलाच सांगायचे. मूल काही बोलले तर रागावू नका, उलटतपासणी करू नका, विश्वास ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक मुला-मुलीला संरक्षण आहे. असा गुन्हा माहीत होऊनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडपले तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. त्यामुळे "जमातची बदनामी होईल, आपसात मिटवू" हा मार्ग कायद्याने बंद आहे. मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२.

फोटो, मोबाईल, फी

मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे की नाही, याचा रकाना फॉर्मवर असतो. नको असेल तर नको लिहा, कारण द्यायची गरज नाही. आणि तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोत इतरांची मुले असतील तर तो स्टेटसला ठेवू नका. मोबाईल, सोन्याचे कानातले, महागडे घड्याळ घरीच राहू द्या.

फी परत मिळणार का, किती दिवसांत, हे आधी विचारा आणि पावती घ्या. फी परवडत नसेल तर संकोच न करता जबाबदार माणसाला एकांतात सांगा. आयोजकांनीही सवलत कुणाला दिली हे मुलांसमोर बोलू नये.

सही करण्याआधी हे विचारा

• किती मुले आणि किती मोठी माणसे? महिला किती?
• स्वयंसेवकांची नावे, पत्ते, ओळखपत्रे घेतली आहेत का? पोलीस पडताळणी झाली आहे का?
• प्रथमोपचार कोणाला येतो? जवळचा दवाखाना कोणता?
• पंखे, पिण्याचे पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे आहेत का?
• आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का? तो कुलूपबंद तर नाही ना?
• तक्रार कोणाकडे करायची? त्याच माणसाबद्दल तक्रार असेल तर कोणाकडे?

ज्या शिबिराचे लोक या प्रश्नांची शांतपणे उत्तरे देतात, तिथे निर्धास्त मूल पाठवा. जे म्हणतात "आमच्यावर भरोसा नाही का?", त्यांना सांगा की भरोसा आहे, म्हणूनच विचारतोय. मूल ही अल्लाहने दिलेली अमानत आहे आणि काही तासांसाठी ती आपण दुसऱ्याच्या हाती देत आहोत. पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री नियमांचा कागद मुलासोबत बसून वाचा, तुमचा नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या आणि मग त्याला शिबिराला जाऊ द्या.