घोडा पळणार, घाम तुमचा!

जटपुरा गेटमधून कॉलेजला जाता ना? मग ही दंतकथा तुम्ही ऐकलीच असेल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा घोड्यावरून रपेटीला निघाला होता. बघतो तर काय, ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागलेला! पुढे राणीच्या सल्ल्यावरून त्याच जागी चंद्रपूरचा परकोट उभा राहिला, असं म्हणतात.

आता एक प्रश्न. त्या रपेटीत व्यायाम कोणाचा झाला? ‘घोड्याचा, राजा तर नुसता बसला होता,’ असं वाटत असेल, तर थांबा.

स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पावणेचार पट ऊर्जा घोडा चालत असतानाही स्वाराला लागते. दुडक्या चालीत ती पावणेसहा पटीपर्यंत जाते आणि चौखूर दौडीत सात पटींच्या पुढे. म्हणजे तुमच्या जॉगिंगइतकीच! कारण दुडक्या चालीत स्वार नुसता बसत नाही. रिकिबीत पाय रोवून तो दर दुसऱ्या ठोक्याला उठतो आणि हलकेच बसतो. मिनिटामागून मिनिट हेच.

तुमच्यातले बरेच जण पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर १६०० किंवा ८०० मीटर मारत असतील. दम चांगला असेल, पिंढऱ्याही मजबूत असतील. तरी पहिल्या दिवशी घोड्यावरून उतरल्यावर तुम्ही फेंगडे चालणार, हे नक्की! घोड्यावर लागतात मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू, पोट, कंबर आणि तोल. आपल्या भाषेत याला सुंदर शब्द आहे, मांड. ‘मांड पक्की’ म्हणजे शरीर ताठर नव्हे, तर घोड्याच्या लयीत हलूनही न ढळणारं.

मांड कच्ची असेल तर नुकसान दोघांचं. तोल गेला की स्वार लगामाला लटकतो आणि घोड्याच्या तोंडाला इजा होते. धपकन बसला की घोड्याची पाठ दुखते. म्हणून फिट राहणं ही स्वाराची हौस नाही, जबाबदारी आहे. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, असा ढोबळ नियम आहे.

आणि मांड जमिनीवरच पक्की करता येते. घोडा नसला तरी आजपासून हे करा :

• भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं ३० सेकंद थांबा, तीन वेळा.

• ३० सेकंद प्लँक, श्वास न रोखता.

• एका पायावर एक मिनिट उभे राहा. जमलं की डोळे मिटून, भिंतीजवळ.

• पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा सावकाश खाली सोडा. रिकिबीतही टाच खालीच हवी.

• शेवटी बद्धकोनासन, म्हणजे मांड्या मोकळ्या होतील.

संधी कुठे? नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालयात एनसीसीचं घोडेस्वारीचं युनिट आहे. त्या वाटेने जाणार असाल तर चौकशी नक्की करा. आणि मुलींनो, या खेळात ऑलिम्पिकलाही मुलं-मुली एकाच स्पर्धेत उतरतात. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण भारताला मिळालं. त्या चौघांमध्ये सुदिप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या, आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडाही. या खेळात भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२नंतर, तब्बल ४१ वर्षांनी!

एकच विनंती : वरातीतल्या घोड्यावर प्रयोग नको. प्रशिक्षक, हेल्मेट आणि टाचेचे बूट असल्याशिवाय रिकिबीत पाय घालू नका. तोवर पहाटेच्या धावण्याला ही दहा मिनिटं जोडा. घोडा भेटेल तेव्हा भेटेल, मांड तर आधीच तयार असेल!